मैदानाकडे पाठ

मुंबईत रिकामी जागा दिसली की माणसाचा चेहरा उजळतो. माझ्या सासऱ्यांच्या एका मित्राचं मात्र रिकामी जागा दिसली की डोकंच फिरायचं. रागीट माणसं मी पुष्कळ पाहिली, काहींशी तर जवळचं नातं आहे. पण एखाद्या बाकावर कुणी बसलेलं नाही एवढ्या कारणावरून ज्याच्या कपाळाची शीर उडते असा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. लग्नाच्या पंगतीत मधेच एखादं पान मोकळं राहिलं तर हे गृहस्थ यजमानाला न विचारता पुढच्या पंगतीसाठी ताटकळणाऱ्या माणसाला दंडाला धरून आणायचे आणि तिथे बसवायचे. बसमध्ये खिडकीची जागा सोडून कडेला टेकलेल्या माणसाला ते ज्या आवाजात ‘आत सरका’ म्हणायचे, त्या आवाजात लोक आग लागल्याची वर्दी देतात. आमच्या घरी आले आणि चार खुर्च्यांपैकी एक मोकळी दिसली तर त्यांना चहा गोड लागत नसे. मग सासूबाई स्वयंपाक अर्धवट टाकून बाहेर यायच्या, त्या खुर्चीवर बसायच्या, ते चहा संपवायचे आणि सासूबाई पुन्हा भाजीकडे जायच्या.

विक्रोळीच्या एका जुन्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. सकाळी शेकडो माणसं दारातून आत शिरताना कोण चालत आलं आणि कोण धापा टाकत आलं हे पाहणं हे त्यांचं पोटापाण्याचं काम. बाकीचे लोक रविवारी नोकरी विसरतात. यांना नोकरीची खरी गोडी रविवारीच लागायची, कारण रविवारी दुपारी ते आमच्या वसाहतीच्या फुटबॉल क्लबच्या गॅलरीचं फाटक सांभाळायचे. त्याचा पगार नव्हता, मान नव्हता, शिव्या मात्र भरपूर होत्या. सगळी वसाहत त्यांना फाटकवाले काका म्हणायची. ऐंशीच्या दशकात मी लग्न होऊन कुडाळजवळच्या एका गावातून विक्रोळीला आले, तेव्हा हे काका म्हणजे रेल्वेफाटकावरचे असावेत असं मला बरेच दिवस वाटत होतं. माझ्या माहेराकडे तेव्हा रेल्वे पोचलीच नव्हती; मला ठाऊक असलेलं फाटक एक तर सिनेमातलं रेल्वेचं, नाही तर गुरांच्या वाड्याचं.

ही गॅलरी म्हणजे काय ते सांगायला हवं. कारखान्यांच्या भिंती संपून खाडीकडची झाडी सुरू होण्याआधी आमचं मैदान होतं, आणि मैदानाच्या एका अंगाला सिमेंटच्या पायऱ्या, त्यांवर लाकडी बाकं आणि वर पत्रा, एवढीच ती गॅलरी. पण आजूबाजूच्या भागात सावलीत बसून फुटबॉल बघायची सोय दुसरीकडे नव्हती. मरोळच्या कारखान्यांचा संघ यायचा, दहिसरची दांडगी पोरं यायची, आणि त्या दिवशी माणसं भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर, जिथे पाय टेकेल तिथे चढलेली असायची. पत्र्याखाली बसण्याचा हक्क फक्त सीझन पासवाल्यांचा. प्रत्येक बाकावर रंगानं नंबर घातलेला, प्रत्येक नंबराचा एक पास, आणि प्रत्येक पासमागे दबा धरून बसलेले कितीतरी लोक, की हा माणूस कधी नोकरी सोडून गावी जातो आणि ही जागा आपल्याला मिळते. क्लबानं नियम केला होता की पास ज्याच्या नावाचा त्यानंच यायचं, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि सलग तीन सामने जागा रिकामी राहिली तर पास रद्द. असे नियम सगळीकडेच असतात. ते खरे मानणारा माणूस फाटकावर उभा केला, एवढी एकच चूक क्लबानं केली.

काकांनी हा सगळा नियम चार शब्दांत बसवला होता: ‘नाव ज्याचं, बूड त्याचं.’ बाईमाणसानं लिहावं असं हे वाक्य नव्हे हे मला ठाऊक आहे. पण त्यांच्या तोंडी ते इतकं सोवळं वाटायचं की देवळातल्या भटजींनीही ते ऐकून मान हलवली असती. लोकही काही कमी नव्हते. एकानं पास दाखवून आत जायचं, मागच्या भिंतीवरून तो पास बाहेर टाकायचा आणि मेव्हण्यानं त्याच पासावर पुन्हा आत यायचं, ही जुनी युक्ती. काकांनी त्यावर जांभळ्या शाईचा शिक्का काढला. आत जाणाऱ्याच्या मनगटावर आणि पासावर तो उमटायचा, आणि पासावर त्या रविवारचा शिक्का पण मनगट कोरं असं दिसलं की माणूस पकडला जायचा. ती शाई कुठून आणली होती देव जाणे. सोमवारी अर्धा कारखाना जांभळ्या मनगटांनी कामाला जायचा आणि वसाहतीतल्या बायका नवऱ्याच्या सदऱ्यांच्या बाह्या घासत काकांचा उद्धार करायच्या. वसाहतीत दोन जुळे भाऊ होते, दोघांत मिळून एकच पास काढायचे आणि निम्मा निम्मा सामना बघायचे. शिक्काही ते एकमेकांच्या मनगटावर उतरवून घ्यायचे, आणि काकांनाही त्यांच्यातला फरक कळेना. मग त्यांनी असा तोडगा काढला की एक भाऊ आत असेल तेव्हा दुसऱ्यानं गॅलरीला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर, काकांना दिसेल असं बसून राहायचं. बिचारा एका सीझनमध्ये इतका चहा प्यायला की त्याला पित्ताचा विकार जडला, आणि पुढच्या वर्षी मुकाट्यानं दुसऱ्या पासासाठी नंबर लावून आला.

गैरहजेरीचं कारण नुसतं सांगून भागत नसे. एका पासवाल्यानं चुलतभावाच्या लग्नाचं कारण कळवलं, तर काका सामना संपल्यावर घाटकोपरला त्या लग्नात जाऊन हजर. नवऱ्यामुलाला आहेर केला, जिलेबी खाल्ली, पासवाला खरोखरच वाढपी म्हणून राबतोय हे डोळ्यांनी पाहिलं आणि समाधानानं परत आले. त्या घरच्यांना अजून वाटतं की काका मुलीकडचे होते.

फाटकावर उभे राहिले की ते कुणालाच ओळखत नसत. घरी ज्याला ‘काय रे’ म्हणतील त्याला दारात ‘आपण’. एकदा त्यांची बायको डबा घेऊन आली. काकांनी हात आडवा धरला आणि म्हणाले, “बाई, आपला पास?” बाई त्यांच्याशी संसार करून तयार झालेल्या होत्या. म्हणाल्या, “पास पोळीखाली ठेवलाय. शोधा आणि खा.” डबा त्यांच्या हातात देऊन त्या निघूनही गेल्या. काकांनी पोळी उचलून खाली बघितलं असं टपरीवाला शपथेवर सांगायचा.

पण या सगळ्यात मला नवल वाटायचं ते निराळ्याच गोष्टीचं. गॅलरीचं फाटक मैदानाच्या बाजूला होतं, आणि पायऱ्यांवर कोण बसलंय ते दिसावं म्हणून काका सगळा सामनाभर गॅलरीकडे तोंड करून उभे असायचे. म्हणजे मैदानाकडे पाठ. इतकी वर्षं त्यांनी फुटबॉलला वाहिली, पण त्यांनी एकही गोल पाहिलेला नव्हता. गोल होतो तेव्हाच भिंतीवरची पोरं आत उड्या टाकतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्या क्षणी तर ते मुळीच वळत नसत. सामन्यात काय चाललंय ते त्यांना लोकांच्या तोंडावरून कळायचं. आमच्याकडे तोंडं आंबट झाली की समजायचं मरोळवाल्यांनी गोल केला. आपला गोल झाला की सगळी गॅलरी ओरडत उठायची आणि तिच्यासमोर हा एकटा माणूस, लोक नीट आपापल्या जागी खाली बसतायत की नाही ते बघत उभा.

माझे सासरे म्हणजे आबा. त्यांची जागा तिसऱ्या पायरीवर, कडेच्या खांबाला लागून. आबा त्याच कारखान्यात फिटर होते, आणि गॅलरीचा पत्रा चढवताना तो खांब त्यांनी स्वतः उभा केलेला. त्यामुळे ती जागा आपल्याला क्लबानं दिलेली नसून आपण क्लबाला उरलेली गॅलरी दिलेली आहे असा त्यांचा समज होता. सामना बघताना एक हात त्या खांबावर ठेवायचा, चुरशीची वेळ आली की त्याला बोटांनी वाजवायचं. आबा आणि काका एकाच वर्षी कारखान्यात लागलेले. एक कोकणातला, एक साताऱ्याकडचा, दिवसातून एकदा भांडल्याशिवाय दोघांनाही अन्न पचत नसे.

मग आबांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. कळला तेव्हा उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेना, मग समोरचं, आणि माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत उजेड आणि सावली यांपलीकडे त्यांना काही उरलं नाही. नोकरी सोडावी लागली. दिवसभर ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसायचे. दाढी करायची नाही, कुणाशी बोलायचं नाही, खाली वाण्यापर्यंतही जायचं नाही. सासूबाई रेडिओ लावायच्या, ते बंद करायला सांगायचे. डॉक्टर म्हणाले होते की डोळ्यांचं आता काही होणार नाही, पण माणसाला असं बसू देऊ नका, नाही तर डोळ्यांमागून बाकीचंही जाईल. हे सांगायला सोपं होतं. आम्ही विनवण्या केल्या, सासूबाई रडल्या, काही उपयोग झाला नाही. घर लहान होतं आणि त्या घरात एक माणूस रोज थोडाथोडा कमी होत होता, आणि आम्ही बघत होतो.

सीझन सुरू झाला तेव्हा आबांचा पास घरात पडून होता. वाया कशाला घालवायचा म्हणून माझ्या नवऱ्यानं तो आपल्या ऑफिसातल्या एका मित्राला दिला, आणि कुणी विचारलंच तर आबांचं नाव सांग म्हणून पढवूनही ठेवलं. हा मित्र कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला, ओठावर मिसरूड. तो फाटकावर गेला, पास पुढे केला. काकांनी पास वाचला, मग त्याच्याकडे पाहिलं.

“आपलं नाव?”

मित्रानं न अडखळता आबांचं नाव सांगितलं.

“या पासाप्रमाणे आपण छप्पन्न वर्षांचे आहात,” काका म्हणाले. “तब्येत छान राखलीय. काय खाता?”

पास जप्त झाला. माझा नवरा त्यानंतर सहा महिने तरी त्या रस्त्यानं गेला नाही. बाजारातही वळसा घालून जायचा.

सामना संपल्यावर संध्याकाळी काका घरी आले. नेहमीसारखे ‘काय रे आबा’ म्हणत नव्हे. दारात उभे राहून त्यांनी कडी वाजवली. आबा खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसलेले. काका म्हणाले, “आपल्या पासावर आज दुसरा माणूस आला होता. आपण स्वतः लागोपाठ दोन सामने आलेला नाहीत. हे आपल्या कानावर घालायला आलोय.”

कित्येक दिवसांत आबांनी मान वळवली नव्हती, ती वळवली. “आपण? मेल्या, माझ्या घरात येवन माका आपण म्हणतस?”

“मी कामावर आहे.”

“मग पास ठेव तुझ्याकडेच. मला दिसत नाही. आंधळ्यानं गॅलरीत बसून काय करायचं?”

यावर दुसरा कुणी असता तर गहिवरला असता, दोन समजुतीचे शब्द बोलला असता. आम्ही सगळे तेच करत आलो होतो. काका म्हणाले, “सामना बघितलाच पाहिजे असं पासावर कुठंही लिहिलेलं नाही. बसलं पाहिजे, एवढंच आहे. मी इतकी वर्षं बघत नाही, माझं काय अडलं? येत्या रविवारी आपलं बूड त्या बाकावर दिसलं नाही तर सोमवारी जागा पुढच्या माणसाला जाईल.”

“कोणाला?” आबांनी विचारलं.

काकांनी कारखान्याच्या पेंट शॉपच्या सुपरवायझरचं नाव सांगितलं. या सुपरवायझरनं एकदा मरोळच्या संघानं गोल केल्यावर टाळी वाजवली होती, असा आबांचा त्याच्यावर जुना आरोप होता. आबा खाटेवरून उठले. म्हणजे खरोखरच, भिंतीला धरून उभे राहिले. “त्याका? माझ्या खांबाकडे?”

“खांब क्लबाचा आहे,” असं म्हणून काका गेले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी काढलेला बिस्किटांचा डबा झाकण आपटून बंद केला. दगड आहे नुसता, असं माझा नवरा म्हणाला, आणि मलाही त्या दिवशी तेच वाटलं. आम्हा सगळ्यांची आठवडाभर एकच चर्चा, की माणूस इतका कसा कोरडा असतो. आबा मात्र त्या आठवड्यात पूर्वीपेक्षा जास्त जेवले. रागावर भूक लागते हे मला तेव्हा कळलं.

रविवारी सकाळी त्यांनी साबण मागितला आणि चाचपत स्वतः दाढी केली. दोन ठिकाणी कापलं, तिथे वर्तमानपत्राचे कपटे चिकटवले. नवऱ्याची फाटकावर तोंड दाखवायची हिंमत नव्हती, सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांना घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. मी कधी मैदानात पाऊल टाकलं नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत, आबांचा हात धरून मी फाटकापाशी पोचले. आमच्यामागे रांग लागली. काकांनी आबांना जप्त केलेला पास परत दिला, मग लगेच तो तपासायला मागितला, मनगटावर शिक्का मारला आणि माझ्यासमोर हात आडवा धरला.

“बाई, आपला पास?”

“मी यांना सोडायला आलेय. यांना दिसत नाही.”

“ते मला माहीत आहे. आपला पास?”

आबा ओरडले, “हिच्याशिवाय मी पायऱ्या चढू कसा? पडलो तर तू जबाबदार.” मागून लोक कुरकुरायला लागले. काका गॅलरीकडे बघत बराच वेळ जबडा हलवत राहिले. विचार करताना ते काहीतरी चघळल्यासारखं करायचे. मग त्यांनी अगदी अधिकृत आवाजात विचारलं, “आबा, आपण पूर्वी चष्मा लावत होता ना?”

“लावत होतो.”

“चष्म्यासाठी वेगळा पास काढत होता?”

“चष्म्याक कसलो पास?”

“मग या बाई आपला चष्मा. न्या आत. पण बाकावर बूड एकच. चष्मा बसणार नाही.”

अशा रीतीनं माझी फुटबॉलशी ओळख झाली, उभ्यानं. आबा खांबाला हात लावून बसले, मी शेजारी पायरीवर उभी. सामना सुरू झाला आणि आबा म्हणाले, सांग. मी सांगायला लागले. “आपला एक उंच मुलगा चेंडू घेऊन चाललाय. आता दुसऱ्यानं घेतला. तो पडला. अगंबाई, त्याची चड्डी सगळी चिखलानं भरली.”

“चड्डी ऱ्हवांदे गे,” आबा म्हणाले. “चेंडू खंय आसा तां सांग.”

दोन-चार रविवारांत मला चेंडूच्या मागे राहायला जमू लागलं. खेळाडूंची नावं मला ठाऊक नव्हती, म्हणून मी माझ्या खुणांनी सांगायची: कुरळ्या केसांचा, मोज्याला भोक पडलेला, ज्याची आई मशीनवर ब्लाउज शिवते तो. आबांना सगळे कळायचे. मागच्या पायरीवरचे लोक आधी हसायचे, मग ऐकायला लागले, आणि एका धुळीच्या दुपारी समोर काहीच धड दिसेना तेव्हा कुणीतरी मागून विचारलं, “वहिनी, तो गोल पायानं गेला का हातानं?” मी सांगितलं, हातानं. रेफ्रीनं गोल दिला होता, पण आमच्या पायरीवर माझाच निकाल धरला गेला. त्या सबंध आठवड्यात स्वयंपाकघरात माझी मान जरा ताठ होती. मी आजवर घराबाहेर पडायची ती रॉकेलसाठी नाही तर भाजीसाठी. आता दर रविवारी दुपारी मला हक्कानं बाहेर पडायला मिळत होतं, आणि माझं बोलणं ऐकायला माणसं थांबत होती. आबांचं म्हणाल तर ते सोमवार ते शनिवार मागच्या सामन्यावरून भांडायचे आणि पुढच्याची वाट पाहायचे. खाटेवर बसायचे अजूनही, पण दाराकडे तोंड करून.

पुढच्या सीझनला मला दिवस गेले होते. मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि तशी फारशी दिसतही नव्हते. एका रविवारी फाटकापाशी गेले तर काकांच्या पायाशी एक लाकडी स्टूल. त्यांच्या स्वयंपाकघरातलं, वर हळदीचे डाग. “हे आत न्या,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले. “नियम बाकांना आहे. स्टूल घरचं आहे.” माझी मुलगी होईपर्यंत दर रविवारी ते स्टूल डोक्यावर घेऊन ते वसाहतीतून चालत यायचे आणि सामना संपला की तसेच परत न्यायचे. पुढेही ते स्टूल फाटकावरच दिसायचं. त्यावर ते शिक्क्याची शाई ठेवू लागले.

एकदा मी धीर करून त्यांना विचारलं. तेव्हा ते आमच्या घरी होते, चहा झाला होता, चारही खुर्च्या भरलेल्या होत्या. म्हटलं, “काका, त्या दिवशी तुम्ही आबांना बाहेर काढायचं म्हणूनच आला होता ना? तो सुपरवायझर खरंच पुढच्या नंबरावर होता का?” काका माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना भिंतीवरून उडी मारताना सापडले आहे. म्हणाले, “नियमात होतं म्हणून आलो. उगाच कशाला येईन?” आबा हसत होते. मला आजही ठरवता आलेलं नाही. पण एवढं कळलं की आम्ही सगळे आबांना आजारी माणूस समजून बोलत होतो, आणि हा एकटा त्यांना पासवाला समजून बोलला. या माणसाचे उपकार फेडायचे म्हटलं तर कसे फेडायचे, मला सुचत नाही.

असे काही सीझन गेले. एका वर्षी आबांनी नव्या सीझनचा पास स्वतः जाऊन काढला, उशाखाली ठेवला, आणि पहिला सामना व्हायच्या आधीच ते झोपेत गेले. काका दिवसकार्याला आले. आबांची खुर्ची मोकळी होती. सासूबाई उठल्या, तिच्यावर येऊन बसल्या, काकांनी चहा घेतला आणि ते गेले. पासाचा विषय निघाला नाही. नवरा म्हणाला, पास आठवण म्हणून ठेवू या. मी म्हटलं, नको. ज्याचं नाव तोच नाही, तर पास घरात ठेवणं आबांनाही आवडलं नसतं. पहिल्या रविवारी मुलीला सासूबाईंकडे ठेवून मी तो जमा करायला गेले.

काकांनी पास हातात घेतला नाही. “आज जमा होत नाही,” ते म्हणाले. “नियम तीन सामन्यांचा आहे. तीन रिकामे जाऊ देत.”

“काका, ते येणार नाहीयेत आता.”

“ते मला माहीत आहे. तीन सामने ही जागा त्याची आहे.”

त्यांनी फाटकावर प्रथमच कुणाला तरी ‘त्याची’ म्हटलं होतं. मी पास पदरात बांधला आणि परत निघाले. “कुठं चाललीस?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी. चष्मा एकटा आत कसा जाणार? काका म्हणाले, “आत नाहीच सोडणार.” त्यांनी शाईची डबी उचलून खाली ठेवली आणि स्टूल फाटकाला लागून, बाहेरच्या अंगाला सरकवलं. “इथं बस. इथं नियम नाही.”

सामना सुरू झाला. माझ्यासमोर मैदान, आणि माझ्या शेजारी मैदानाकडे पाठ करून उभे असलेले काका. त्यांच्यासमोर सगळी गॅलरी गच्च भरलेली आणि तिसऱ्या पायरीवर, खांबाशी, एक मोकळी जागा. आयुष्यभर ज्याला रिकामी जागा बघवली नाही तो माणूस सबंध सामनाभर तिच्याकडेच बघत उभा होता. बाहेर इतके लोक पाससाठी ताटकळत होते, एकदोघांनी त्या जागेकडे बोटही दाखवलं. काकांनी मान हलवली नाही. थोड्या वेळानं त्यांनी न वळता विचारलं, “काय चाललंय?”

मी सांगायला लागले. “कुरळ्या केसांचा उजव्या अंगानं चाललाय,” हळूच म्हटलं.

“मोठ्यानं सांग,” काका म्हणाले. “तिसऱ्या पायरीपर्यंत गेलं पाहिजे.”

मग मी मोठ्यानं सांगितलं. तो रविवार, आणि पुढचे दोन. गॅलरीतले लोकही ऐकत होते. त्यानंतर मी पास दिला, काकांनी घेतला, आणि चौथ्या रविवारी पेंट शॉपचा सुपरवायझर मनगटावर शिक्का घेऊन खांबाशी येऊन बसला. बसण्याआधी त्यानं रुमालानं खांब पुसला, हे मी बघितलं. आता माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. मी स्टुलावरून उठले. काका पायऱ्यांवरची माणसं नजरेनं तपासत होते, एकही जागा मोकळी नव्हती. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, “उठू नको गं. आता मला सांग. इतकी वर्षं इथं उभा आहे, मागं काय असतं कुणास ठाऊक.”

मी बसले आणि चेंडू कुठे आहे ते सांगू लागले.